निवळलेले पाणी शुद्ध असते का?

पावसाळ्यात नळाला किंवा विहिरीला गढूळ पाणी येऊ लागले की आपल्या घरांतून जुनी रीत सुरू होते. हंडा भरून रात्रभर स्थिर ठेवायचा आणि सकाळी वरचे निवळ पाणी अलगद काढून घ्यायचे. रीत चांगलीच आहे. पण निवळले म्हणजे पिण्यालायक झाले, असे आपण समजून चालतो. धोका तिथे आहे. तो कसा, हे कळण्यासाठी थोडा हिशेब करू या.

पाण्यातल्या कणाला त्याचे वजन खाली ओढते आणि पाणी त्याला अडवते. कण अगदी बारीक आणि चाल मंद असेल तर हा अडथळा किती, याचे सूत्र केंब्रिजचे गणितज्ञ जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५१ साली मांडले. द्रवाचा चिकटपणा, कणाची त्रिज्या आणि त्याचा वेग यांचा गुणाकार करायचा आणि त्याला सुमारे १९ ने गुणायचे, की अडथळा मिळतो. मधात चिकटपणा जास्त, म्हणून त्यात पडलेला कण रेंगाळतो. पाण्यात तो लवकर खाली जातो.

आता गंमत पाहा. कण दुप्पट मोठा झाला तर त्याच वेगाला अडथळा दुप्पट होतो, पण वजन आठपट होते. म्हणून तो चौपट वेगाने खाली जातो. उलट, कण दहापट लहान असेल तर त्याचा वेग शंभरपट कमी होतो.

हा हिशेब ३० सेंटिमीटर खोल पाण्याला लावू. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा वाळूचा कण पाऊण मिनिटाच्या आत तळ गाठतो. त्याच्या दहाव्या हिश्शाचा मातीचा कण सुमारे ५५ मिनिटे घेतो. त्याहूनही दहापट बारीक, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या कणाला जवळजवळ ४ दिवस लागतात. रात्रभर ठेवूनही पाण्यात फिकट धूसरपणा राहतो, तो यामुळेच.

रोगजंतूंचे काय? पुष्कळसे जीवाणू याच मापाचे असतात. शिवाय ते मातीसारखे जड नसतात, पाण्याहून जेमतेम जड असतात. त्यामुळे या हिशेबाने त्यांना तळाशी जायला दोन महिन्यांहून अधिक काळ लागेल. त्यातले काही तर स्वतः पोहतात. म्हणजे माती बसली तरी जंतू वरच्या निवळ पाण्यात तसेच राहू शकतात, आणि हगवण, कावीळ, विषमज्वर यांना वाट मोकळी राहते. घरातल्या लहान मुलांना आणि वृद्धांना याचा त्रास सर्वांत आधी होतो.

दादी-नानी पाण्यात तुरटीचा खडा फिरवीत, त्यामागेही हेच गणित आहे. बारीक मातीचे कण एकमेकांना दूर लोटतात. तुरटीमुळे ते एकत्र येऊन त्यांचे पुंजके बनतात. पुंजका मोठा, म्हणून तो लवकर बसतो. त्याच्याबरोबर काही जंतूही खाली जातात, पण सगळे नाहीत.

तेव्हा आमचे सांगणे इतकेच की, निवळणे ही पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. पाणी आधी बसू द्यावे, वरचे स्वच्छ कापडातून गाळून घ्यावे आणि मग खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट तसेच उकळू द्यावे. क्लोरीनचे औषध टाकायचे असेल तर तेही निवळल्यानंतरच टाकावे, कारण गढूळ पाण्यात त्याचा जोर कमी पडतो. उकळलेले पाणी झाकून ठेवावे आणि काढताना लांब दांड्याचे ओगराळे वापरावे. डोळ्यांना दिसते ती माती. आजार देणारे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत.