सगळ्यात मागची स्कूटर

रात्रीचे साडेदहा झालेत. सबमिशन अर्धवट पडलंय, पंखा गरम हवाच फिरवतोय आणि ग्रुपवर कुणीतरी एकच शब्द टाकतं, 'निघायचं?' दोन मिनिटांत सहा अंगठे पडतात. जायचं कुठे, हे कुणालाच माहीत नसतं. मारुती मंदिरला भेटू, पुढचं पुढे बघू!

तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. महिनाभर ठरवलेली ट्रिप कुणाच्या तरी इंटर्नलमुळे बारगळते आणि न ठरवलेली राइड मात्र हमखास होते. दिवसा जयस्तंभाजवळ रिक्षा, एसटी आणि खरेदीला आलेल्या माणसांमधून गाडी काढताना जीव मेटाकुटीला येतो. तोच चौक रात्री मोकळा असतो. मांडवीवरच्या गाड्या आवरत आलेल्या असतात. भाट्याच्या पुलावर खाडीचा वारा शर्टात शिरतो आणि पलीकडच्या सुरूच्या बनाची सळसळ समुद्राच्या गाजेतूनही वेगळी ऐकू येते. आपलंच गाव, पण पाहुण्यासारखं बघायला मिळतं. एवढ्या सुखाला पेट्रोल लागतं फार तर लिटरभर.

आता एक करा. त्या सहा अंगठ्यांत मुली किती होत्या, ते मोजा. एखादी असेल, बहुतेक वेळा नसतेच. तिने मेसेज बघितलेला असतो, पण उत्तर द्यायच्या आधीच तिला घरातला प्रश्न माहीत असतो. मुलगा निघाला की घरचे विचारतात, 'कुठे चाललास?' मुलगी निघाली की विचारतात, 'कशाला चाललीस?' पहिल्या प्रश्नाला 'इथेच' एवढं उत्तर पुरतं. दुसऱ्याला कुठलंच उत्तर पुरत नाही.

आणि आई? ती रोज स्कूटरवरून बँकेत, शाळेत, मच्छी मार्केटला जाते. या शहरातला प्रत्येक स्पीडब्रेकर तिला पाठ आहे. पण रात्री अकरा वाजता थिबा पॉइंटवरून खाडी कशी दिसते, हे तिने शेवटचं कधी पाहिलं, विचारा तिला. या शहरात तिचं अर्धं आयुष्य गेलं, तरी निम्मं शहर तिने बघितलेलंच नाही. ते निम्मं म्हणजे रात्रीचं.

कोकणात हे असंच चालत आलंय, असं कुणी म्हणेल तर ऐकू नका. गावात नमन-खेळे असले की आजी, नातवंडं, लेकुरवाळ्या, सगळे रात्रीचे चालत निघायचे. हातात कंदील किंवा पेटती चूड. उजेड एकच आणि माणसं पंधरा, म्हणून कुणी पुढे पळायचं नाही. आजी ज्या चालीने चालेल, ती सगळ्यांची चाल. आजही शिमग्यात श्री देव भैरीची पालखी निघते, तेव्हा गाव रात्रीचं रस्त्यावर असतं आणि कुणी कुणाला 'कशाला चाललीस' विचारत नाही. म्हणजे रात्र आपल्याकडे सगळ्यांचीच होती. ती फक्त पोरांची आणि त्यांच्या बाइकची कधी झाली, हे आपल्याला कळलंच नाही.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. पुढच्या वेळी 'निघायचं?' हा मेसेज घरातही टाका. 'चल गो आई, अर्ध्या तासात येऊ' म्हणा. बाबा गेटला कुलूप लावायचे थांबलेलेच असतात, त्यांनाही सांगा गाडी काढायला. मे महिन्यात मुंबईहून आलेली भावंडं, गणपतीला आलेली आत्या, सगळ्यांना घ्या. आणि राइडला एकच नियम लावा, तो चुडीच्या उजेडातला. जिची स्कूटर सगळ्यात हळू, ती सगळ्यात पुढे.

हा नियम नुसता प्रेमाचा नाही, हिशेबाचाही आहे. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे डोळ्यांना दिसून हात ब्रेकवर पडेपर्यंत सेकंद-दीड सेकंद जातो आणि त्यानंतर गाडी थांबायला कोरड्या रस्त्यावरही वीसेक मीटर लागतात. एकूण झाले सुमारे ४० मीटर. साध्या गाडीच्या डिपरमध्ये स्वच्छ दिसणारं अंतरही साधारण तेवढंच. म्हणजे वळणापलीकडे डांबरावर बसलेली काळी म्हैस तुम्हाला दिसेल, तेव्हा तुमच्या हातात काही उरलेलं नसेल. ४० च्या वेगात हाच हिशेब २०-२५ मीटरवर येतो आणि म्हैस आपली रवंथ करत राहते.

ग्रुपमध्ये तर आणखी एक गंमत होते. पुढचा जरा सुटला की मधला त्याला गाठायला वेग वाढवतो आणि सगळ्यात मागच्याला सगळ्यांपेक्षा जास्त पळवावं लागतं. बहुतेक वेळा हा मागचा म्हणजे नवीन शिकलेला असतो, नाहीतर डबलसीट आलेला. ज्याची तयारी सगळ्यात कमी, त्यालाच आपण सगळ्यात जोरात पळायला लावतो. त्याला पुढे ठेवा, प्रश्न मिटला.

आता हेल्मेट. तोंड वाकडं करू नका, कारण हे मागे बसणाऱ्याविषयी आहे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. हेल्मेट न घातलेले त्यांत ५०,०२९ होते आणि त्यांतले १४,३३७ जण मागच्या सीटवरचे होते. मागच्या सीटवर कोण बसतं? मैत्रीण, बहीण, आई. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे. आपल्याकडे मात्र हेल्मेट एकच असतं आणि ते चालवणाऱ्याच्या डोक्यावर असतं, फार तर आरशाला लटकलेलं.

ट्रिपल सीट नको, दारू तर नकोच. अकरावीतल्या मावसभावाच्या हातात 'जरा चालव' म्हणून चावीही नको. त्याच्याकडून काही झालं, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि वाटेत कुणी पडलेलं दिसलं, तर थांबा, १०८ ला फोन लावा. मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, नाव सांगायचीही सक्ती नाही.

मग जायचं कुठे? हातखंब्याला हायवेवर नको, तिथली रात्र ट्रक-टँकरची. मांडवी, थिबा पॉइंट, भाट्ये एवढं पहिल्या रात्रीला पुष्कळ झालं. आरे-वारेचा रस्ता सुंदर आहे, पण तिथली वळणं आणि चढउतार आधी दिवसा पाठ करा. पावसाच्या तोंडावर गेलात, तर झाडीत काजवे दिसतील. थंडीत नशीब असेल तर फुटणारी लाट निळी चमकताना दिसेल. नॉक्टिल्युका नावाचे सूक्ष्म जीव पाणी ढवळलं की असा उजेड देतात. तो काठावरूनच बघा, रात्री पाण्यात उतरायचं नाही. गाडी तर वाळूत नेऊच नका. थंडीच्या दिवसांत गावखडी, मालगुंडसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं रात्रीच अंडी घालायला येतात. हेडलाइटच्या झोताने बिचकलेली मादी अंडी न घालताच माघारी फिरते.

'आई-बाबा आले की मजा गेली,' असं कुणीतरी म्हणणारच. एखादं गाणं कमी वाजेल, खरंय. चार गोष्टी त्यांच्यासमोर बोलता येणार नाहीत, हेही खरं. पण भाट्याच्या पुलापलीकडे गाडी लावून ते सांगायला लागतात, इथे आधी काय होतं, ते कॉलेजात असताना कुठे बसायचे, कुणाच्या सायकलवरून यायचे. हे घरातल्या सोफ्यावर कधीच निघत नाही. आणि एक फायदा पुढचा आहे. ज्या आईने रात्रीचा तो रस्ता स्वतः चालवलाय, ती पुढच्या वेळी लेकीला 'कशाला चाललीस' विचारणार नाही. 'कोणकोण आहात आणि हेल्मेट घेतलंस का' एवढंच विचारेल.

तेव्हा आज-उद्यात कधीतरी मित्राकडून एक जास्तीचं हेल्मेट मागून आणा आणि दाराजवळ ठेवा. ठरवू काहीच नका, फक्त ते तिथे असू द्या.