एकटीच?

उन्हाळी सुटीत परदेशी जाऊन आले, असे स्टाफरूममध्ये सांगितले की पहिला प्रश्न येतो, "कुठल्या टूर कंपनीबरोबर?" कुठल्याच नाही म्हटले की दुसरा, "मग घरचे होते ना बरोबर?" तेही नव्हते म्हटले की समोरचा जरा थांबतो, चहाचा कप खाली ठेवतो आणि आवाज उतरवून विचारतो, "एकटीच?" आमच्या आईने हा प्रश्न निघण्यापूर्वी पंधरा दिवस रोज विचारला, आणि आता परत आल्यावर काकू-मावश्यांच्या वतीने विचारते आहे.

२०२४ च्या मे महिन्यात मी बारा दिवस श्रीलंकेत होते. पाठीवर एक सॅक, हातात एक वही, आणि प्रवास सगळा बसचा. कोलंबोहून कँडी, कँडीहून दंबुल्ला, तेथून उत्तरेला थेट जाफना आणि परत. या प्रवासाचे वर्णन करण्यासाठी मी लिहायला बसलेले नाही. प्रवासवर्णने आपल्या अंकात दरवर्षी एकदोन असतातच आणि त्यांतला समुद्र नेहमीच निळाशार असतो. माझे म्हणणे एवढेच आहे, की आपल्या बेळगावच्या विद्यार्थ्याने, आणि विद्यार्थिनीने तर अगत्याने, पदवी हाती पडल्यावर एकदा तरी एकट्याने, बसने, अशा देशात हिंडावे जिथली बसची पाटी आपल्याला वाचता येत नाही.

बसनेच का? श्रीलंकेतला आगगाडीचा प्रवास फार सुंदर, असे सगळे सांगतात, आणि ते खोटे नाही. पण डोंगरातल्या त्या आगगाडीत आपल्या शेजारी बहुधा आपल्यासारखाच कॅमेरा घेतलेला पाहुणा असतो. टॅक्सीत आपण मालक असतो. बसमध्ये मात्र आपण कोणीही नसतो. तिथे शाळेची पोरे असतात, भाजीच्या पाट्या असतात, दवाखान्यातून परत निघालेली म्हातारी असते, आणि त्यांच्यापैकी कोणीही आपल्यासाठी प्रवासाला निघालेले नसते.

सरकारी गाड्या लाल रंगाच्या. त्यांच्या मंडळाचे सिंहली नाव 'श्री लंका गमनागमन मण्डलय'. हे ऐकले तेव्हा मला हसूच आले. आपल्याकडच्या शुद्धिवाद्यांनाही एसटीसाठी इतका सोज्ज्वळ शब्द सुचला नाही. खाजगी गाड्या रंगीबेरंगी, गाण्यांचा आवाज कानठळ्या बसवणारा, आणि पुष्कळशा अशोक लेलँडच्या, म्हणजे बैठक आपल्या ओळखीची. कोलंबोचे बसथांबे ज्या भागात आहेत त्याचे इंग्रजी वळणाचे नाव पेटा. आपल्या पेठेचाच तो भाऊबंद. तेथून एक नंबरची बस कँडीला जाते. पहिल्याच दिवशी तिच्यात चढून मी सवयीने ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या बाकावर बसले, कारण आपल्या कर्नाटकाच्या गाडीत पुढचे बाक बायकांचे. कंडक्टरने अदबीने उठवले. तिथे तो बाक भिक्षूंचा, धर्मोपदेशकांचा. मी उठले, आणि पुढचे तीन तास उभी राहिले.

आता पाटीची गोष्ट. कन्नड लिपीच्या गोलाईला सरावलेल्या डोळ्यांना सिंहली अक्षर लांबून अगदी घरचे वाटते. जवळ जाऊन वाचू म्हटले तर एकही हाती लागत नाही. गर्दीत ओळखीच्या चेहऱ्याकडे पाहून हसावे आणि तो परकाच निघावा, तसे होते. कानाचे मात्र उलटे झाले. सिंहलीत नऊ म्हणजे 'नवय', दहा म्हणजे 'दहय', आणि पुढे उत्तरेत गेल्यावर तमिळ कंडक्टरने सहा या अर्थी 'आरु' म्हटले तेव्हा मी दचकलेच, कारण कन्नडचा 'आरु' तोच. आपल्या या अंकाचे दोन्ही विभाग जणू एका रस्त्याच्या दोन टोकांना मला भेटले. आणि 'अक्का' तर सिंहली, तमिळ, कन्नड, मराठी चौघींचीही. त्या एका शब्दावर मी बारा दिवस काढले म्हटले तरी चालेल.

पाट्यांवर तीन भाषा असतात हे खरे: सिंहली, तमिळ, इंग्रजी. पण मोठी ओळ बहुधा सिंहली. दंबुल्लाची लेणी पाहून मी संध्याकाळी मोठ्या रस्त्यावर उभी होते. वावुनियाला पोचून मुक्काम करायचा होता. दंबुल्लाच्या पुढे रस्ता फुटतो. डावा फाटा अनुराधपूरच्या अंगाने वावुनियाला आणि पुढे जाफन्याला जातो, उजवा हबरणमार्गे त्रिंकोमलीला. उजेड गेला होता. बस आली, थांबली न थांबली, मी "वावुनिया?" असे ओरडले, कंडक्टरने हात धरून वर ओढले, कारण तो सगळ्यांनाच ओढत होता. तिकिटाला पैसे पुढे केले तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. मी त्रिंकोमलीच्या गाडीत होते.

मग त्या बसमध्ये माझ्या विषयावर परिसंवाद झाला. मला त्यातली गावांची नावे तेवढी कळत होती. एका पक्षाचे म्हणणे, हिला इथेच उतरवा, उलट दिशेची गाडी मिळेल. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, अंधारात रस्त्यावर उतरवता काय, हबरणहून मरदनकडवलला जाणारा रस्ता आहे, तो पुन्हा त्याच हमरस्त्याला मिळतो. मागच्या बाकावरच्या एका तरुणाने, हातवाऱ्यांवरून मला समजले ते असे, की आता आलीच आहे तर त्रिंकोमलीचा समुद्र बघू द्या. त्याला दोन्ही पक्षांनी गप्प केले. अखेर दुसरा पक्ष जिंकला. हबरणला एक वयस्क बाई उतरत होत्या, शिक्षिका असाव्यात. त्यांनी माझा ताबाच घेतला. दुसरी गाडी येईपर्यंत पाऊण तास माझ्याजवळ थांबल्या, घरून दोनदा फोन आला तरी थांबल्या, आणि नव्या कंडक्टरला बजावून मला आत बसवले. आधीच्या कंडक्टरने माझ्याकडून पैसे घेतलेच नव्हते. त्या रात्री वावुनियाऐवजी अनुराधपूरला मुक्काम पडला.

हल्ली मोबाइलवर 'सोलो' प्रवासाच्या शूरकथा फार दिसतात. डोंगराच्या कड्यावर हात पसरून उभा राहिलेला एक जण आणि खाली स्वातंत्र्यावर चार ओळी. मला हे चित्र पटत नाही. एकटीने प्रवास केला असे मी म्हणते खरे, पण हबरणच्या त्या पाऊण तासात मी जितकी परस्वाधीन होते तितकी बेळगावात वर्षभरात होत नाही. बरोबर चारजण असते तर आम्ही आपापसांत मराठीत भांडलो असतो, एकमेकांवर चूक ढकलली असती आणि टॅक्सी केली असती. त्या बाईंकडे कोणी पाहिलेही नसते.

मी इतिहास शिकवते. श्रीलंकेचा १९५६ चा राजभाषा कायदा, ज्याने सिंहली ही एकच राजभाषा ठरली, मी वर्गात अनेक वर्षे सांगत आले. त्याच्या पुढची एक गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकात नसते म्हणून सांगायची राहून जाते, आणि ती बसचीच आहे. १ जानेवारी १९५८ ला तिथल्या बसगाड्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याच सुमारास वाहनांच्या क्रमांकाच्या पाटीवर सिंहली लिपीतले 'श्री' हे अक्षर आले. त्या अक्षराच्या नव्या गाड्या उत्तरेत तमिळ मुलखात पाठवल्या गेल्या, तेव्हा लोकांनी त्यावर डांबर फासले. दक्षिणेत त्याचे उत्तर म्हणून तमिळ पाट्यांना डांबर लागले. एप्रिलमध्ये पंतप्रधान बंदरनायके यांनी तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी आदल्या वर्षी केलेला करार मोडला, आणि मे महिन्यात दंगली झाल्या. शेकडो माणसे मेली. तमिळला राजभाषेचे स्थान मिळाले ते १९८७ साली, घटनेच्या तेराव्या दुरुस्तीने. तोवर यादवी युद्धाला चार वर्षे झाली होती आणि ते संपायला २००९ उजाडले. आज तिथल्या क्रमांकाच्या पाटीवर इंग्रजी अक्षरे असतात. दोघांचेही अक्षर गेले.

एका अक्षरासाठी माणसे इतकी का पेटतात, असे वर्गात पुढच्या बाकावरचा एखादा हुशार मुलगा विचारतो, आणि मी अस्मिता वगैरे शब्दांत काहीतरी उत्तर देते. दंबुल्लाच्या रस्त्यावर उभी असताना ते उत्तर मला पोकळ वाटले. पाटी वाचता आली नाही की पदवीधर माणूसही क्षणात अडाणी होतो, आणि प्रत्येक अनोळखी माणसापुढे तोंड वेंगाडावे लागते. अर्थात माझी अडचण एका संध्याकाळची होती. मी पाहुणी, माझे अक्षर तिथे असावे असा माझा हक्क नव्हता. ज्याला आपल्या घराच्या रस्त्यावर, आपल्या बाजारच्या गावाला जाताना असे उभे राहावे लागते, त्याची गोष्ट निराळी. पण चव कळायला एक घासही पुरतो.

हे इथे बेळगावात लिहिताना हात जरा जपून चालवावा लागतो. २०२२ च्या डिसेंबरात आणि पुन्हा २०२५ च्या फेब्रुवारीत दोन्ही राज्यांच्या बसगाड्या सीमेवर अडल्या. काळे फासणेही दोन्हीकडे झाले. आपल्यापैकी कितीजणांची तेव्हा परीक्षा बुडाली, कितीजण निपाणीला अडकले, हे मला ठाऊक आहे. त्या वादात कोणाची बाजू खरी हे सांगायला मी बसलेले नाही. मला आठवते ती आपल्या मध्यवर्ती स्थानकावरची खानापूरकडची आजी, "पोरी, ही गाडी खानापूरला जातीय काय?" असे विचारणारी, आणि कोल्हापूरच्या स्थानकावर तेच कन्नडमधून विचारणारा गोकाककडचा म्हातारा. या दोघांना मी आजवर उत्तर देत होते, पण चालता चालता. घड्याळाकडे पाहत.

यावर आक्षेप येतील. पैशाचा पहिला. विमानाचे तिकीट महाग आहे, हे मान्य. पण बाराही दिवसांचे माझे बसभाडे विमानतळावरच्या एका टॅक्सीइतके झाले नाही, आणि नोकरीच्या पहिल्या वर्षी आपली मुले मोबाइलवर काय खर्च करतात तेही मी पाहते. परदेशातच का, दिल्लीला जा की, हा दुसरा. दिल्लीत आपली मोडकी हिंदी चालते. ती काठी हातातून सुटल्याशिवाय मी म्हणते ते घडत नाही. तिसरा आक्षेप मुलींच्या काळजीचा, आणि तो मी थट्टेवारी नेणार नाही. गर्दीत अंगावर येणारा हात तिथल्या बसमध्येही असतो. कँडीच्या गाडीत माझ्यावर तो प्रसंग आला. शेजारच्या बाईने काय घडते आहे ते ओळखले, मला आपल्या आणि खिडकीच्या मध्ये ओढून घेतले आणि त्या माणसाला असे काही सुनावले की तो पुढच्या थांब्यावर उतरला. धोका नाही असे मी पालकांना सांगू शकत नाही. धोका आपल्या गावच्या बसमध्येही आहे आणि तरीही मुली तीतून रोज कॉलेजला येतात, इतकेच सांगू शकते. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचावे हेही सांगते. मी पोचले नाही, ती माझी चूक.

जाफन्याला जाताना हत्तीखिंडीचा निरुंद रस्ता लागतो, दोन्ही बाजूंना खाडीचे उथळ पाणी. तिथे १९९१ च्या लढाईतला एक गंजका चिलखती बुलडोझर स्मारक म्हणून ठेवला आहे. बसमधल्या कोणीही मान वळवून पाहिले नाही; मीच पाहिले. जाफन्यात सार्वजनिक ग्रंथालयात गेले. १९८१ साली ते जाळले गेले तेव्हा सुमारे ९७ हजार ग्रंथ गेले, त्यांत ताडपत्रेही होती. २००३ साली ते पुन्हा उघडले. आता तिथे मुले परीक्षेचा अभ्यास करत बसलेली होती, आपल्याकडे बसतात तशीच, पुस्तकावर डोके टेकून.

परतीच्या गाडीत शेजारी एक तमिळ आजी होत्या. त्यांनी माझ्या सॅककडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "तनिया?" हबरणच्या बाईंनी विचारले होते, "तनियम?" दोन्हींचा अर्थ एकच: एकटीच? दोन भाषांत शब्दही जवळजवळ एकच. मी मान हलवली. आजींनी पिशवीतून केळे काढून दिले आणि वावुनिया येईपर्यंत मला खिडकीशी बसू दिले.

या लेखाचे कन्नड भाषांतर करून ते कन्नड विभागाच्या संपादकांकडे द्यावे असे मनात आहे. वाचता येते, पण लिहिताना माझा हात अडखळतो. दोन पाने झाली आहेत. चुका त्यांनी काढाव्यात.