हंगामापूर्वी ट्रकची पुढची चाके

ऊस वाहणाऱ्या ट्रकचे इंजिन हंगामापूर्वी दुरुस्त करून घेण्याची दक्षता बहुतेक मालक घेतात. पुढच्या चाकांत मात्र ग्रीस भरले की त्यांचे समाधान होते. परंतु झिजलेला धातू ग्रीसने भरून येत नाही. स्टिअरिंगच्या दांड्याचा बॉल जॉइंट निसटला की चाक चालकाच्या ताब्यात राहत नाही. आणि अशाच ट्रकांतून बीडकडील तोडणी कामगारांची कुटुंबे मुलाबाळांसह कारखान्यावर येतात.

परीक्षा सोपी आहे. मागच्या चाकांना अडण लावून व आसाखाली भक्कम आधार देऊन पुढचे चाक उचलावे. वर-खाली धरून हलविले असता ते खडखडले, तर दोष हबच्या बेअरिंगचा किंवा किंगपिनचा असतो. दोन्ही बाजूंनी आडवे धरून हलविताना सैल लागले, तर बॉल जॉइंट पाहावा. त्यावरील रबरी टोपी फाटली असल्यास आत चिखल शिरलाच म्हणून समजावे.

बेअरिंग बदलताना हबमधील त्याची कडीही नवीच घालावी. जुन्या कडीत नवे बेअरिंग बसविणे म्हणजे तोच खर्च दोनदा करणे होय. कडी हबमध्ये सैल फिरत असेल, तर हबच बदलणे इष्ट. कॉटर पिन जुनी वापरण्याचा मोह तर कोणी धरूच नये. तिची किंमत ती काय! जॉइंट बदलल्यावर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे, एरवी नवे टायर एका कडेने झिजू लागतात.