वेळ भरून निघते का?

गेल्या रविवारी आमच्या वस्तीतील अभ्यासवर्गात विज्ञान शिकवणारे गुरुजी आले नाहीत. नववीची मुले गतीचा धडा उघडून बसलेली. आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे. पदार्थविज्ञानाची आणि आमची गाठ शाळेतच सुटली. पण सरासरी काढणे हे तर आमचे पोटापाण्याचे काम, तेव्हा खडू आम्हीच हाती घेतला.

फळ्यावर दोन टेम्पो काढले. दोघांनाही १२० किलोमीटर जायचे आहे. पहिला दर अर्ध्या तासाला २० किलोमीटर जातो, ना कमी ना जास्त. ही एकसमान गती. दुसऱ्याने अर्ध्या-अर्ध्या तासात कापलेले अंतर असे: १०, १५, ५, ३०, २५ आणि ३५. ही नैकसमान गती. दोघेही तीन तासांत पोचले. एकूण अंतराला एकूण वेळेने भागले की दोघांचीही सरासरी चाल तासाला ४० किलोमीटरच येते. कागदावर दोघे सारखे, रस्त्यावर मात्र दुसऱ्याचे हाल तोच जाणे.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात एकसमान गतीची व्याख्या करताना ‘कोणत्याही’ हा शब्द मुद्दाम घातला. कोणत्याही समान कालखंडात समान अंतर, मग तो कालखंड तासाचा असो की क्षणाचा. अर्ध्या तासाचे आकडे सारखे आले एवढ्याने भागत नाही, कारण त्या अर्ध्या तासाच्या पोटातही गाडी थांबलेली आणि पळालेली असू शकते. आमच्या फळ्यावरच्या पहिल्या टेम्पोलाही हे लागू आहे बरे का!

इतक्यात एक मुलगी म्हणाली, “काका, आमच्या बाबांची गाडी दुसऱ्या टेम्पोसारखी असते.”

तिचे वडील भिवंडीच्या एका गोदामातून नाशिककडे माल पोचवतात. मालकाचा दंडक आहे की तीन तासांत पोचलेच पाहिजे, उशीर झाला की पगारातून दंड. मालक म्हणतो, “अर्धा रस्ता गर्दीत नि घाटात तीसने गेलास, तर उरलेला पन्नासने काढ. तीस नि पन्नासची सरासरी चाळीस. वेळ भरून निघते.” मुलीलाही हे पटलेले. खरे सांगायचे तर वर्गातील साऱ्यांनाच पटले.

मग आम्ही हिशेब मांडला. अंतर सोयीसाठी तेच १२० धरले. पहिले ६० किलोमीटर तीसने गेले म्हणजे दोन तास खर्च झाले. पुढचे ६० पन्नासने म्हणजे एक तास बारा मिनिटे. एकूण तीन तास बारा मिनिटे, आणि सरासरी साडेसदतीस. बारा मिनिटांचा उशीर, म्हणजे दंड ठरलेला! चाळीसची सरासरी गाठायला उरलेला रस्ता पन्नासने नव्हे, साठने काढावा लागतो.

असे का, हे घरातल्या बायाबापड्यांना आमच्यापेक्षा लवकर कळेल. ६० रुपयांचे कांदे ३० रुपये किलोने घेतले तर दोन किलो येतात. दुसऱ्या आठवड्यात भाव ६० झाला, तर तेवढ्याच पैशात एक किलो. तीन किलोला १२० रुपये, म्हणजे सरासरी भाव ४० पडला, ४५ नव्हे. स्वस्त कांदा वजनाला जास्त आला म्हणून सरासरी खाली ओढली गेली. तसेच रस्त्याचे. सावकाश चालीत गाडी जास्त वेळ राहते, म्हणून तिचे पारडे जड. दोन चालींची बेरीज करून दोनाने भागणे तेव्हाच बरोबर, जेव्हा दोन्ही चालींनी सारखाच वेळ गेलेला असेल.

मुलीने पुढचा हिशेब स्वतःच केला. पहिल्या अर्ध्याला अडीच तास लागले तर? उरले अर्धा तास नि ६० किलोमीटर, म्हणजे चाल १२०. आणि तीन तास लागले तर? ती थबकली. उरला वेळ शून्य. मग विमान आणले तरी सरासरी चाळीस होणार नाही. गेलेली वेळ जोर लावून परत मिळत नाही.

शिवाय चाल दुप्पट केली की ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर दुप्पट नव्हे, साधारण चौपट होते. साठच्या जागी एकशेवीस म्हणजे काय, हे मालकाच्या खुर्चीतून दिसत नाही.

तिने तो कागद घरी नेला. वडिलांनी घडी करून खिशात ठेवला आणि बुधवारी मालकापुढे धरला. मालकाने दोनदा वाचला म्हणे. आता माल अर्धा तास आधी भरायला घेतात. दंड काही बंद झालेला नाही.

काल ती पुन्हा आली. “काका, टोलनाक्यावर नि चहाला गाडी थांबते, तो वेळ चालीत धरायचा की नाही?”

धरायचा, आम्ही म्हणालो. गाडी थांबली तरी घड्याळ थांबत नाही, आणि सरासरीत भागायचे ते एकूण वेळेने. तिने वही उघडली, तीन तासांतून पंचवीस मिनिटे वजा केली आणि नव्याने भागाकार मांडू लागली. उत्तर सेहेचाळीसच्याही पुढे गेले.