टन म्हणजे किती, साहेब?

एसी घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "एक टन की दीड टन?" आपण खोलीचं माप सांगतो, पैसे मोजतो आणि घरी येतो. टन म्हणजे काय, हे आपण विचारत नाही आणि दुकानदारही सांगत नाही. पुष्कळांना ते यंत्राचं वजन वाटतं! तसं ते नाही. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता तेवढ्याच वेळात बाहेर काढून टाकण्याची ताकद म्हणजे एक टन. हा टन अमेरिकी हिशेबाचा, दोन हजार पौंडांचा, म्हणजे आपल्या सुमारे ९०७ किलोंचा. यंत्रं आली त्याच्या आधी गारवा म्हणजे बर्फच होता. १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टनहून जहाज भरून बर्फ कलकत्त्याला आला आणि साहेबलोकांच्या पेल्यांत पडला. पुढे यंत्रं आली, पण माप बर्फाचंच राहिलं.

ज्या धंद्याचं मापच बर्फाचं, त्या धंद्यातली शिकलीसवरलेली मंडळी बर्फाला आणि बर्फावर पोट असणाऱ्यांना विसरली आहेत, असा माझा आरोप आहे. आरोप करणारा मी कोण? मराठी माध्यमातून बी.ए. झालेला, भाषा आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेला एक मास्तर. इंजिनिअरिंगचं मला ओ की ठो कळत नाही, असं कोणी म्हटलं तर म्हणू दे. पण उकाडा सगळ्यांना होतो, त्याला डिग्री लागत नाही.

आधी या मंडळींची ओळख करून देतो. वातानुकूलन आणि शीतकरण या क्षेत्रातल्या इंजिनिअरांची आपल्या देशात एक मोठी संस्था आहे. तिच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून तिला 'इश्रे' म्हणतात. १९८१ साली दिल्लीत ती स्थापन झाली. आज देशभर तिच्या चाळीसच्या वर शाखा-उपशाखा आहेत, मुंबईला आहे, पुण्याला आहे. तिची अमेरिकेतली थोरली बहीण म्हणजे 'अश्रे'. तिचं मूळ १८९४ पर्यंत मागे जातं. आजचं रूप तिला १९५९ साली आलं, जेव्हा उष्णतावाले आणि शीतकरणवाले असे दोन संघ एकत्र झाले. या शाखा काय करतात? तांत्रिक व्याख्यानं ठेवतात, परिसंवाद आणि कार्यशाळा घेतात, अभियांत्रिकीच्या मुलांसाठी विद्यार्थी शाखा चालवतात, प्रश्नमंजूषा घेतात. 'ॲक्रेक्स' नावाचं मोठं प्रदर्शन भरवतात. शीतगृहांसाठी २०१८ पासून 'रेफकोल्ड' नावाचं वेगळं प्रदर्शन सुरू केलं आहे. शाळकरी मुलांसाठीसुद्धा त्यांचा उपक्रम आहे. हे सगळं चांगलंच आहे. नोकरीधंदा सांभाळून, पदरचा वेळ घालून माणसं हे करतात, त्याबद्दल मला आदर आहे.

पण मंडळी, या कार्यक्रमांचे विषय पाहा. डेटा सेंटर, मॉल, विमानतळ, काचेच्या इमारती, औषधांचे कारखाने. जागा शहरातली. भाषा इंग्रजी. व्यासपीठावर इंजिनिअर, समोर इंजिनिअर, मागच्या पडद्यावर कंपन्यांची नावं. ज्ञान एका खिशातून दुसऱ्या खिशात जातं, पण कोट एकच!

आता आमच्या किनाऱ्यावर या. करंजा, रेवस, थळ, अलिबाग, रेवदंडा, मुरूड, राजपुरी, श्रीवर्धनचं जीवना बंदर. इथे गारवा ही चैन नाही. होडी समुद्रात जाते ती डिझेल, पाणी आणि बर्फ घेऊन. बर्फ फोडून भुगा करून होडीच्या खणात भरायचा. उष्ण हवेत एक किलो मासळीला साधारण एक किलो बर्फ लागतो असा ठोकताळा आहे. बर्फ आधी संपला तर मासळी मऊ पडते, आणि मऊ पडलेल्या मासळीचा भाव ससून डॉकवर काय होतो हे कोळ्याला विचारा. म्हणजे कोळ्याची कमाई अर्धी जाळ्यात असते आणि अर्धी खणात.

त्या खणाला आतून उष्णतारोधक थर चांगला असेल तर बर्फ जास्त टिकतो. हे सांगायला शास्त्रज्ञ नको, थर्मासची बाटली वापरणाऱ्या कोणालाही ते कळतं. पण थर किती जाडीचा द्यावा, कुठल्या पदार्थाचा द्यावा, त्यात पाणी मुरू नये म्हणून काय करावं, हे मोजून-मापून सांगणारा माणूस इंजिनिअरच असतो. तेच बर्फाच्या कारखान्याचं. मिठाच्या पाण्याच्या टाकीत डबे बुडवून लाद्या तयार करणारे हे कारखाने अमोनियावर चालतात. अमोनिया स्वस्त आणि गुणी, पण गळला तर डोळे आणि फुप्फुसं जाळतो. गंमत पाहा, थळला १९८५ पासून खताचा अवाढव्य कारखाना आहे आणि त्यात अमोनिया बनतो. म्हणजे अमोनियाचं ज्ञान आमच्या दाराशी आहे, गारव्याचं ज्ञान मुंबईत, पाण्यापलीकडे तासाभरावर आहे. बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळीला असणाऱ्या कामगाराला मात्र झडप गळू लागली तर पहिल्या मिनिटात काय करायचं, हे त्याच्या भाषेत कोणी शिकवायचं?

दुसरी गोष्ट उकाड्याची. १६ एप्रिल २०२३ रोजी आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरला, महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सोहळा उघड्या मैदानावर झाला आणि उष्माघाताने १४ माणसं गेली. पारा ३८ अंशांच्या आसपास होता. विदर्भातला माणूस म्हणेल, एवढ्याशा उन्हाने? इथेच खरी मेख आहे. घाम सुकतो तेव्हा अंग गार होतं. किनाऱ्यावरची हवा आधीच पाण्याने भरलेली, तिथे घाम सुकत नाही, नुसता निथळतो. म्हणून तर हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात ४० अंशांपासून करतं, पण किनाऱ्यावर ३७ पासूनच.

हे या मंडळींइतकं दुसऱ्या कोणाला कळणार? त्यांच्या विद्येचा जन्मच दमटपणातून झाला. विलिस कॅरिअर या अमेरिकी इंजिनिअरने १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये पहिली आधुनिक वातानुकूलन यंत्रणा योजली, ती एका छापखान्यासाठी. दमट हवेने कागद फुगायचा आणि रंग एकावर एक नीट बसत नसत. माणसाच्या आधी कागदाचा जीव वाचवायला ही विद्या आली, असं म्हटलं तरी चालेल! मग आता सव्वाशे वर्षांनी ती माणसासाठी बाहेर काढायला काय हरकत आहे? सभा, जत्रा, लग्नं, मिरवणुका... कुठल्या तापमानाला आणि किती दमटपणाला माणसं उघड्यावर बसवू नयेत, मांडव किती उंच हवा, वारा कुठून खेळता ठेवावा, याचं एक पानी साधं कोष्टक मराठीत करून ग्रामपंचायतींना द्यायला कितीसा खर्च येतो?

तिसरी गोष्ट शाळांची, आणि इथे मी जरा आवाज चढवणार आहे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलं. कौलं गेली, पत्रे उडाले, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. नंतर छपरं पुन्हा घातली गेली ती पुष्कळ ठिकाणी पत्र्याची. पत्रा लवकर मिळतो, लवकर बसतो. पण कौलाखाली हवा फिरते आणि पत्र्याखाली मूल भाजतं. त्यात २०२५ साली पहिली ते नववीच्या परीक्षा थेट २५ एप्रिलपर्यंत लांबवल्या. एप्रिलमध्ये दुपारी पत्र्याखालच्या वर्गात जाऊन बसा, आणि मग सांगा गणित का चुकतं.

त्या वर्गाला एसी द्या असं मी म्हणत नाही. पत्र्यावर पांढरा परावर्तक रंग, खाली चटईचं किंवा बांबूचं छत, वर गरम हवा निघून जायला झडप, एवढ्याने फरक पडतो. तेलंगणाने २०२३ साली थंड छपरांचं धोरणच केलं. अहमदाबादने २०१३ सालीच उष्णतेशी लढण्याचा आराखडा केला. अहमदाबादच्याच संशोधकांनी अभ्यास करून दाखवलं की भारतीय माणसाला बरं वाटणारं तापमान परदेशी कोष्टकांपेक्षा बरंच सैल असतं, खोली थंडगार करायची गरजच नसते. हे सगळं इंजिनिअर मंडळींना तोंडपाठ आहे. पण यंत्राशिवाय गारवा द्यायचा म्हटलं की त्यात विकण्यासारखं फार काही उरत नाही, म्हणून प्रदर्शनात त्याला कोपरा मिळतो आणि यंत्राला मधला मंडप.

चौथी गोष्ट पोरांची. माझ्या वर्गातून गेलेली दोन-तीन मुलं आयटीआय करून आज फ्रीज-एसी दुरुस्त करतात. हात सोन्यासारखे आहेत. पण काळ बदलला. जुना आर-२२ गॅस ओझोनच्या थरासाठी घातक, म्हणून तो टप्प्याटप्प्याने बंद होतोय. नवा आर-३२ थोडाफार पेट घेणारा आहे आणि आर-२९० म्हणजे तर चक्क प्रोपेन! खोलीत गळती असताना ज्योत पेटवून पाइप जोडायला गेलं तर काय होईल, ते सांगायला नको. केंद्र सरकारने मार्च २०१९ मध्ये शीतकरणाचा राष्ट्रीय आराखडा काढला, त्यात २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र द्यायचं उद्दिष्ट होतं. फार उत्तम. पण धोक्याची सूचना यंत्राच्या पाठीवर इंग्रजीत, पुस्तिका इंग्रजीत, आणि गॅस भरणारा आमचा मराठी माध्यमाचा मुलगा. वरून खाऱ्या हवेने बाहेरच्या युनिटची कॉइल खाऊन टाकलेली असते. गळती न शोधता गॅस भरत राहायचा आणि तो हवेत जात राहायचा, हा खेळ किनाऱ्यावर बारा महिने चालतो. गिऱ्हाइकाचे पैसे जातात ते वेगळेच.

यावर मला ठरलेलं उत्तर मिळेल. "मास्तर, आमची संस्था व्यावसायिकांची आहे, समाजसेवेची नाही. हे काम सरकारचं." ठीक आहे. पण डॉक्टरांच्या संघटना शिबिरं घेतात, वकील मोफत सल्ला देतात, ते काय सरकारचे नोकर आहेत? १९६६ साली काही जाणत्या माणसांनी मराठी विज्ञान परिषद काढली. विज्ञान मराठीत सांगायचं, एवढ्यासाठी. गावोगावी तिचे विभाग झाले. विषय अवघड आहे म्हणून भाषा अवघड ठेवली पाहिजे, असं त्यांना वाटलं नाही. व्यवसायाला मान मिळतो तो ज्ञानामुळे, आणि ज्ञान ज्याला लागतं त्याच्यापर्यंत गेलं नाही तर तो मान नुसता हारतुऱ्यांचा.

दुसरंही एक उत्तर येईल, की तुमच्याकडे आमचे सभासद नाहीत, शाखा कशी काढणार? शाखा काढा असं कोण म्हणतंय? लोणेऱ्याला १९८९ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, आमच्याच जिल्ह्यात. तिथली मुलं आहेत, तालुक्यांच्या आयटीआय आहेत. मुंबईच्या मंडळींनी फक्त वर्षातला एक दिवस बोटीत बसायचं आहे.

दिवसही मी सुचवतो. २०१९ पासून २६ जून हा जागतिक शीतकरण दिन म्हणून पाळतात. लॉर्ड केल्विनचा तो जन्मदिवस. आमच्याकडे १ जूनला मासेमारीबंदी सुरू होते, म्हणजे २६ जूनला होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या असतात, खण रिकामे असतात आणि कोळी घरी असतो. शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात. एसीची घाई ओसरलेली असते, त्यामुळे मेकॅनिक पोरंही मोकळी असतात. याहून चांगला मुहूर्त पंचांगातसुद्धा सापडणार नाही!

त्या दिवशी एका बंदरावर या. सकाळी दोन होड्यांचे खण मोजा आणि थर कसा द्यायचा ते करून दाखवा. दुपारी बर्फाच्या कारखान्यातल्या कामगारांना आणि मेकॅनिक पोरांना मराठीत दोन तास शिकवा. एका शाळेच्या अर्ध्या पत्र्याला पांढरा रंग द्या, अर्धा तसाच ठेवा, आणि मुलांच्या हातात तापमापक द्या. ऊन पडेल त्या दिवशी मुलं स्वतः मोजतील. अशी विज्ञानाची तासिका मी उभ्या आयुष्यात घेऊ शकलो नाही.

हॉलचं भाडं वाचेल. पडद्याची गरज नाही. जेवण आम्ही देऊ, सुकटीची चटणी आणि भाकरी. फक्त भाषणात 'टन' हा शब्द आला तर तो कोळणीला समजावून सांगा. बर्फाच्या भावापासून सुरुवात केलीत तर तिला तो तुमच्या आधी कळेल.