मिठाची बरणी आणि शिवणयंत्र

गेल्या दिवाळीत आम्ही रत्नागिरीकडे एका आप्तांच्या घरी गेलो असता तेथील आत्याबाईंनी आम्हांस माडीवर नेऊन आपले हाताने चालवावयाचे जुने शिवणयंत्र दाखविले. याच यंत्रावर लोकांचे कपडे शिवून त्यांनी पाठच्या दोघा भावांची शिक्षणे पुरी केली होती. अगोटीपूर्वी त्यांनी ते मोठ्या मायेने जुन्या लुगड्यांत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवले. आता उघडून पाहतात तो चाक जागीच धरलेले आणि सुईचा दांडा तांबेरलेला! “एवढं जपलं, तरी असं कसं हो झालं?” असे त्यांनी आम्हांस विचारले. हा प्रश्न अनेक घरांतील असल्याने त्याचा विचार येथे करू.

लोखंड गंजण्यास पाणी व प्राणवायू दोन्ही लागतात; परंतु ते पाणी डोळ्यांना दिसलेच पाहिजे असे नाही. हवेत जेवढे बाष्प मावू शकते त्यापैकी शेकडा किती भरले आहे, यावर सारे अवलंबून असते. इंग्लंडातील व्हर्नन नावाच्या शास्त्रज्ञांनी १९३० नंतरच्या दशकात प्रयोग करून दाखविले की, धुराने दूषित झालेल्या हवेत हे प्रमाण शेकडा ६० च्या सुमारास गेले की गंज एकाएकी वेग घेतो. हे प्रमाण ओळखण्याचे साधन आपल्या स्वयंपाकघरातच आहे. शुद्ध मीठ शेकडा ७५ च्या पुढे हवेतील पाणी ओढून विरघळू लागते. साधे मीठ त्याच्याही आधी ओलावते. तेव्हा मिठाच्या बरणीत पाणी सुटू लागले की माडीवरच्या लोखंडाची आठवण करावी. समुद्रावरचा वारा आणि आपल्या बोटांचा घाम हेच मीठ यंत्रावर नेऊन ठेवतात, म्हणून किनाऱ्यावर गंज लवकर चढतो.

आता आत्याबाईंची चूक पाहा. दमट हवेत सुती कापड आपल्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतके पाणी धरून असते, आणि तरीही हाताला कोरडेच लागते. म्हणजे दहा किलो लुगड्यांबरोबर सुमारे एक किलो पाणीही पेटीत गेले! शिवाय ३० अंश उष्णतेच्या हवेत बाष्प शेकडा ८० असेल, तर ती हवा सुमारे २६ अंशांपर्यंत निवताच दव पडू लागते. रात्री गार झालेल्या पत्र्यावर आणि यंत्रावर नेमके हेच घडले. झाकणाने ओल बाहेर ठेवली नाही, आतच कोंडली.

यावर उपाय सोपा आहे. यंत्र आधी कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसावे, शिवणयंत्राचेच तेल सांध्यांत घालून चाक थोडे फिरवावे, आणि उघड्या लोखंडावर त्याच तेलाचा पातळ हात फिरवावा. खाण्याचे तेल घालू नये. ते पुढे चिकट होऊन यंत्र अडते. यंत्राला कापड गुंडाळू नये. पेटीत इतर कपडे ठेवावयाचे तर ते कडक उन्हात वाळवून, निवताच त्याच दुपारी बंद करावेत.

कॅमेरा किंवा दुर्बीण चामड्याच्या घरात पावसाळाभर ठेवू नये. चामडे ओल धरते आणि भिंगावर बुरशी चढते. अशा वस्तूंस घट्ट झाकणाचा डबा व त्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवणे उत्तम. हे खडे आपल्या वजनाच्या फार तर तिसऱ्या हिश्शाएवढे पाणी शोषतात; पुढे ते बदलावे लागतात. निळे खडे गुलाबी झाले की भरले असे समजावे. मात्र त्यांत कोबाल्टचा क्षार असल्याने ते मुलांच्या हाती देऊ नयेत, की स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नयेत.

आत्याबाईंचे चाक रॉकेल आणि तेल देऊन आठ दिवसांनी फिरू लागले. पण गंजाने खाल्लेले लोखंड परत येत नाही. दांड्यावरचे खड्डे कायमचे राहिले. म्हणून आमच्या वाचकभगिनींस विनंती की, वैशाखात पापड-कुरडयांच्या वाळवणाबरोबर घरातील यंत्रांचीही बेगमी करावी. ज्यांनी घराला हात दिला, त्यांच्यासाठी एक दुपार फार नव्हे.