दोन आवाज, एक गिटार आणि एक पुसलेली कॅसेट

आमच्या ऑफिसात एक सिनियर होते, सासष्टीचे. फायलींत डोकं खुपसून बसलेले असले तरी ओठांवर कसलं तरी गाणं असायचंच. निवृत्त व्हायच्या आधी त्यांनी माझ्या टेबलावर एक सीडी ठेवली. मी कव्हरवरचं इंग्रजी वाचू लागलो, तेव्हा म्हणाले, "वाचता कित्याक? आयक मरे, फकत आयक."

सायमन आणि गारफंकल ही दोन नावं मला ऐकून माहीत होती, त्यापलीकडे नाही. माझा पिंड भजन, नाट्यगीत आणि भावगीतावर पोसलेला. पण ती सीडी मी ऐकली आणि गेली काही वर्षं ऐकतोच आहे. आज तिच्याविषयी लिहायचं आहे, आणि तिच्या निमित्ताने आपल्याविषयीही.

आधी हकीकत. २२ जानेवारी १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधल्या फिलहार्मोनिक हॉलमध्ये ही मैफल झाली. दोघेही तेव्हा पंचविशीचे, त्याच शहरातल्या क्वीन्स भागात वाढलेले, शाळेपासूनचे मित्र. पॉल सायमन गाणी लिहायचा, गिटार वाजवायचा आणि गायचा. आर्ट गारफंकल फक्त गायचा. रंगमंचावर तिसरा माणूस नाही. ड्रम नाही, ऑर्केस्ट्रा नाही. समोर अडीच हजारांहून जास्त खुर्च्यांचं सभागृह. या मैफलीचं ध्वनिमुद्रण झालं, पण त्याचा अल्बम निघाला तो थेट २००२ च्या जुलैमध्ये. म्हणजे ३५ वर्षांनी! गाणी १९.

आता हॉलबद्दल. १९६२ साली उघडलेलं हे सभागृह म्हणजे शहरातल्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचं घर. अभिजात संगीताचं मोठं ठिकाण. अशा ठिकाणी गिटार घेऊन दोन पोरं उभी राहिली की लगेच प्रश्न येतो: हे कसलं लोकसंगीत? लोकसंगीत म्हणजे शेत, रस्ता, मोर्चा, कॉफीचा अड्डा. गाद्यांच्या खुर्च्यांवर बसून ऐकायची ती गोष्ट आहे का? तिकडच्या फोक मंडळींत सोवळं फार होतं. १९६५ च्या जुलैत न्यूपोर्टच्या महोत्सवात बॉब डिलनने विजेची गिटार हातात घेतली तर केवढा गहजब झाला! सायमन-गारफंकल या सोवळ्यांना जरा जास्तच नीटनेटके, कॉलेजातले वाटायचे.

माझं मत वेगळं आहे. लोकगीत सभागृहात गेल्याने बाटत नाही. ते बाटतं ऐकणाऱ्याचा त्यावरचा विश्वास उडाला की. दोन गळे आणि सहा तारा पुरणार नाहीत असं वाटू लागलं, की मग भर घालणं सुरू होतं. या मैफलीत तो विश्वास पुरेपूर आहे. लोक इतके शांत बसलेत की गिटारच्या तारा छेडण्याआधीचा क्षणभराचा थांबासुद्धा जाणवतो.

गंमत म्हणजे हे सभागृह आवाजासाठी बदनामच होतं. उघडल्यापासून तक्रारी. खर्जाचा भरीवपणा मिळत नाही, वादकांना एकमेकांचं वाजवणं नीट ऐकू येत नाही. पुष्कळ डागडुज्या झाल्या. १९७३ मध्ये त्याचं नाव एव्हरी फिशर हॉल झालं. १९७६ मध्ये तर आतला सगळा भाग उखडून नव्याने बांधावा लागला. २०१५ मध्ये नाव पुन्हा बदललं, डेव्हिड गेफन हॉल, आणि २०२२ च्या ऑक्टोबरात तो आणखी एकदा नवा होऊन उघडला. तेव्हा या ध्वनिमुद्रणाचं श्रेय त्या भिंतींना द्यायचं काही कारण नाही. श्रेय गळ्यांना, बोटांना आणि मायक्रोफोन नीट ठेवणाऱ्या माणसांना. आपल्याकडे मोठ्या सभागृहात कार्यक्रम झाला म्हणजे कलावंत मोठा, असा हिशोब मांडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

त्यांच्या गाण्याची खरी किमया दोन आवाजांच्या जुळणीत आहे. आपल्या रागसंगीताला एका वेळी एक स्वर पुरतो. दोघे गाणारे असले तरी एकानंतर एक, किंवा दोघे मिळून तोच स्वर. इथे दोघे एकाच वेळी वेगवेगळ्या स्वरांवर असतात आणि तरी गाणं एकच राहतं. पण आपण गोंयकार, आपल्याला हे परकं वाटायला नको. आपला मांडो असाच दोन आवाजांत गायला जातो. माझ्या त्या सिनियरांना हे सांगितलं तर ते हसले. म्हणाले, त्यांच्या वडलांनी चर्चच्या गायकवृंदात लॅटिनमध्ये आयुष्यभर हेच केलं. या मैफलीतही 'बेनेडिक्टस' ही लॅटिन रचना आहे. ती ऐकताना न्यूयॉर्क कुठे आणि मडगाव कुठे, असा प्रश्नच पडत नाही.

पहिलंच गाणं 'ही वॉज माय ब्रदर'. वर्णभेदाविरुद्ध लढताना मारल्या गेलेल्या भावाचं. गाणं लिहून झालं होतं, आणि १९६४ च्या जूनमध्ये सायमनच्या कॉलेजातला सोबती अँड्र्यू गुडमन मिसिसिपीत काळ्या लोकांच्या मतदार नोंदणीच्या कामाला गेला असताना मारला गेला. तेव्हापासून ते गाणं त्याच्या आठवणीचं झालं. शेवटाकडे 'अ चर्च इज बर्निंग' येतं, जाळलेल्या चर्चचं. ही गाणी ओरडत नाहीत. त्या गाद्यांच्या खुर्च्यांवरच्या लोकांना ती खालच्या आवाजात ऐकवली जातात, आणि म्हणूनच ती टाळता येत नाहीत. 'द डँगलिंग कॉन्व्हर्सेशन' या गाण्याला स्टुडिओत व्हायोलिनांचा ताफा जोडलेला होता. इथे ते एका गिटारवर आहे, आणि मला हेच जास्त खरं वाटतं.

आणि 'द साउंड ऑफ सायलेन्स'. १९६४ च्या पहिल्या अल्बममध्ये हे गाणं असंच होतं, दोन आवाज आणि गिटार. अल्बम खपला नाही, दोघांची जोडी जवळजवळ मोडली. १९६५ च्या जूनमध्ये निर्माता टॉम विल्सन याने दोघांना न विचारता त्याच मुद्रणावर विजेच्या गिटारी आणि ड्रम चढवले. १९६६ च्या जानेवारीत गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं! एक वर्षानंतर, या मैफलीत, ते पुन्हा आपल्या मूळ वेषात येतं. मला ती गाण्याची घरवापसी वाटते.

इथे मी स्वतःशीच अडतो. कारण विल्सनने तो उपद्व्याप केला नसता तर ही जोडी त्या रंगमंचावर पोचली असती का? बहुतेक नाही. म्हणजे भर घालणारा नेहमीच खलनायक असतो असं म्हणता येणार नाही. मी एवढंच म्हणेन की मूळ कुठेतरी शाबूत राहिलं पाहिजे. ज्याला परत जायचंय त्याला वाट असली पाहिजे.

आमच्या गावच्या घुमट आरतीची काही वर्षांमागे सीडी निघाली. घुमट, शामेळ, कांसाळें आणि दहाबारा गळे. स्टुडिओवाल्याने वर कीबोर्ड आणि तालाचं यंत्र चढवलं, "नाहीतर लोक ऐकत नाहीत" म्हणून. घुमट शोधावं लागतं त्यात. साधं मुद्रण आहे का म्हणून विचारलं, तर ते कधीच पुसून झालं होतं.

पण दुसऱ्याला कोणत्या तोंडाने बोलू? माझे वडील आणि वाड्यावरचे त्यांचे एक मित्र श्रावणात देवळात जोडीने भजन म्हणायचे. वडील चाल धरायचे आणि मित्र वरच्या पट्टीत उचलायचे. मुंबईच्या मामाने एकदा ते टेपवर घेतलं होतं. चौदाव्या वर्षी मी त्याच कॅसेटवर सिनेमाची गाणी भरली. घरात दुसरी कॅसेट नव्हती आणि वडील रोज गातातच, असा माझा हिशोब. वडलांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "जाऊं दी, परत म्हणूं." परत म्हटलं ते, पण टेप आणायचं राहून गेलं. आज दोघेही नाहीत.

न्यूयॉर्कच्या त्या कंपनीने ३५ वर्षं एक टेप सांभाळली. धंद्यासाठी असेल, पण सांभाळली. आता आपल्या प्रत्येकाच्या खिशात मुद्रणाचं यंत्र आहे. येत्या सप्त्याला देवळात जाल तेव्हा फोन जरा पुढे ठेवा, गप्प बसा आणि म्हणणाऱ्यांना म्हणू द्या. वर काही चढवू नका. आणि घरी आल्यावर त्याची एक प्रत दुसऱ्या कोणाकडे तरी देऊन ठेवा, म्हणजे घरातल्या चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती ती एकटीच लागणार नाही.